दोन्ही टोकांना कुंकू

आमच्या कारखान्यात पाहुणे आले की पॉलिशच्या टाकीवर काम करणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणत त्यांना बोलावणं जायचं. मामा एप्रन काढून, हात धुऊन ऑफिसात येत. टेबलावर गरम चहाचा कप तयार असे. खिशातून ते सुतासारखी बारीक, चकचकीत तार काढत, पाहुण्यांच्या हातात देत आणि म्हणत, "वाकवा साहेब, पायजे तशी वाकवा." पाहुणे भीतभीत वाकवत. मामा ती वाकडी तार चहात सोडत आणि तार क्षणात सरळ होई. पाहुणे "अरे वा" म्हणत. मग त्यांच्यातला एखादा विचारी, "आता हा चहा प्यायचा का?" सगळे हसत. अठरा वर्षांत हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला, की पाहुणा दारातून आत येतानाच त्याचा चेहरा बघून सांगू शकायचे, हा करणार की नाही.

ही तार निकेल आणि टायटेनियमची. भट्टीत तापवून तिला एकदा आकार शिकवला की ती तो लक्षात ठेवते. वाकवा, ओढा, ऊब मिळाली की पुन्हा मूळ आकारावर येते. शिकवण्याचं काम दुसरीकडे होई. आम्ही फक्त तिला आंघोळ घालणारे. थंड केलेल्या आम्लाच्या टाकीत तारा टांगायच्या, त्या विजेच्या प्लस टोकाला जोडायच्या, समोरच्या पत्र्यांना मायनस द्यायचं आणि प्रवाह सोडायचा. तारेच्या अंगावरचा अगदी पातळ थर आम्लात उतरतो, त्याबरोबर ओरखडे आणि कंगोरे जातात, आणि तार आरशासारखी बाहेर येते. पुढे अशा चार-चार तारांची पाकळ्यांसारखी टोपली करतात. ती टोपली बारीक नळीतून माणसाच्या मूत्रमार्गात जाते, तिथे उघडते आणि मुतखडा धरून बाहेर आणते. तारेवर केसाएवढाही ओरखडा राहिला तर ती तिथेच तुटू शकते, आणि तुटते ती आत, माणसाच्या पोटात. म्हणून हा चकचकीतपणा शोभेचा नव्हता. पाहुण्यांना मात्र तो शोभेचाच वाटे, आणि आमच्या साहेबांनीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

कारखाना खालापूर तालुक्यात, जुन्या महामार्गापासून थोडा आत. मी भिसेगावात राहायचे. कंपनीची गाडी कर्जतच्या माणसांना घेऊन चौकमार्गे यायची. मामा लोधिवलीच्या पलीकडच्या एका वाडीतून स्कूटरवर येत. घरी भाताची शेती, वर ही नोकरी. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी., प्रयोगशाळेची प्रमुख. मालाबरोबर जाणाऱ्या प्रमाणपत्रावर माझी सही असे. मामा आठवी पास. माझ्या आधी दहा वर्षं ते आम्लापाशी उभे होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला टाकीपाशी नेलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमी पुस्तकात काय वाचलाय ते ऱ्हाऊ द्या. हितं येकच बगायचं. बुडबुडं पत्र्यावर आले पायजेत. तारंवर उसळाया लागले, की समजायचं वीज उलटी. बटन बंद करायचं आनि माल फेकायचा."

"फेकायचा कशाला?" मी विचारलं होतं. "वीज सुलटी करून परत पॉलिश करता येईल की."

"वरनं येईल," मामा म्हणाले. "आतनं नाय."

पुस्तकात हेच जरा लांबवून लिहिलेलं आहे. वीज उलटी झाली की तारेवर हायड्रोजन सुटतो. त्यातला काही उडून जातो, काही धातूत शिरतो. हायड्रोजनचे अणू इतके लहान, की लोखंड काय आणि टायटेनियम काय, त्यांना सगळीकडे जागा सापडते. लोणच्यात मीठ मुरावं तसा तो आत मुरतो, आणि धातू ठिसूळ होतो. बाहेरून काही दिसत नाही. साध्या पोलादाला तासन्‌तास भट्टीत ठेवून तो बाहेर काढता येतो. या तारेला तेवढी आच दिली तर तिने शिकलेलंच बिघडतं. यावर मी नव्या माणसांना पाऊण तासाचं व्याख्यान देत असे, फळ्यावर आकृत्या काढून. मामा मागे भिंतीला टेकून उभे राहात आणि व्याख्यान संपलं की म्हणत, "समजला काय रं? बुडबुडं बगायचे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखाना बंद ठेवून यंत्रांची पूजा होई. त्यासाठी सगळं धुऊन पुसून काढायचं. मामा टाकीच्या जाड केबल स्वतः सोडवत, पितळी टोकं चिंचेने घासत, आणि पूजा झाली की दसऱ्यानंतरच्या सकाळी स्वतःच परत जोडत. त्यात ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. रेक्टिफायरच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, प्लस टोकाला लाल रंगाचा ठिपका होता, मायनसला काळा. बाकी खूण काही नव्हती. छापलेली अक्षरं आम्लाच्या वाफेने केव्हाच गेली होती.

त्या वर्षी खंडेनवमीला दुपारीच आभाळ भरून आलं. मामांचं भात कापून शेतात पडलं होतं. ते पूजेला थांबले नाहीत. जाताना प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले, "म्याडम, भात झाकून येतो. परवा सकाळी मीच केबल लावनार. कोनाला लावू देऊ नका, बरं का."

"नाही लावू देत," मी म्हणाले.

पूजा थाटात झाली. साहेबांनी भटजींना सांगून ठेवलं होतं की एकही यंत्र सुटता कामा नये. भटजी मनापासून करणारे होते. त्यांनी कॉम्प्रेसरला कुंकू लावलं, वजनकाट्याला लावलं, माझ्या मायक्रोस्कोपच्या भिंगाला लावायला निघाले तेव्हा मी आडवी आले. टाकीपाशी रेक्टिफायरलाही लावलं. त्याला नाक-डोळे नसल्याने कपाळ नेमकं कुठे समजायचं, हा प्रश्न त्यांना पडला असावा. त्यांनी दोन्ही टोकांना लावलं, चांगलं तेलात कालवून.

दसऱ्यानंतरच्या दिवशी अकरा वाजता मोठे पाहुणे येणार होते. उद्योजकांच्या कुठल्याशा संघटनेचे पदाधिकारी. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटोग्राफर, सगळं ठरलेलं. साहेबांनी मला सकाळी सात वाजता फोन केला: चहातली तार नवी हवी, झगझगीत. ती तार वेगळी असे, थोड्या जास्त उष्णतेला जागी होणारी. पण पॉलिश व्हायला ती त्या दिवशीच्या मालाबरोबर त्याच टाकीत, त्याच हूकवर टांगली जाई. त्या दिवशीचा माल म्हणजे संध्याकाळी रवाना व्हायची टोपल्यांच्या तारांची ऑर्डर.

आठ वाजले, मामा आले नाहीत. सव्वाआठ झाले. फोन लागेना. साहेबांचे दोन फोन येऊन गेले. मी टाकीपाशी गेले. दोन्ही टोकं तेलकुंकवाने लालभडक. फडक्याने पुसली, तर कुंकू काळ्या ठिपक्यातही भिनलेलं. प्लस-मायनस दाखवणारा मीटर प्रयोगशाळेत होता. तीस पावलं जायचं, तीस पावलं यायचं. मला ती साठ पावलं आठवतात, कारण ती मी चालले नाही. आत्मविश्वासाने एक टोक प्लस ठरवलं आणि केबल आवळल्या. एवढं शिकून साध्या दोन केबल लावता येत नसतील तर काय, असंही मनात आल्याचं आठवतं.

बटन दाबून मी फाइल चाळत बसले. बुडबुडे बघितले नाहीत.

किती मिनिटं गेली कुणास ठाऊक. दहा असतील, बारा असतील. मामा आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. टाकीवर वाकले आणि सरळ बटनावर हात मारला. माझ्याकडे न बघता पान्याने केबल सोडवल्या, उलट लावल्या. मग म्हणाले, "म्याडम, ह्यो माल नको."

"बारा मिनिटंच झालीत, मामा. परत पॉलिश करू. वरचा थर निघून जाईल."

"माल नको."

"अकराला पाहुणे आहेत."

मामांनी बटन दाबलं. माल पुन्हा पॉलिश झाला. बाहेर काढला तेव्हा सुरेख होता. मी मायक्रोस्कोपखाली पाहिला: एक ओरखडा नाही, एक खड्डा नाही. मामांनी त्यातली एक तार चिमटीत धरून हळूच वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. "बोटाला बरी लागत नाय," म्हणाले. मी त्यांना पृष्ठभागाच्या दर्जाबद्दल काहीतरी सांगितलं. आता आठवलं की कान गरम होतात. माल पॅकिंगला गेला. प्रमाणपत्रावर मी सही केली.

पाहुणे बाराला आले. अर्धा तास भाषण झालं. त्यात राष्ट्र होतं, विश्व होतं, भरारी होती आणि आमच्या व्यवसायाचं नाव दोनदा चुकीचं होतं. मग मामांना बोलावणं गेलं. मामा आले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तार खिशातून काढायला नेहमीपेक्षा उशीर लावला. "हळू वाकवा साहेब," ते म्हणाले. आजवर ते असं कधी म्हणाले नव्हते.

प्रमुख पाहुण्यांनी फोटोग्राफरकडे बघत तार दोन्ही हातांत धरली आणि पार दुमडली. टक् असा आवाज झाला. दोन तुकडे. एक शालीत अडकला, दुसरा चहात पडला आणि तळाशी गेला.

"अरे," पाहुणे म्हणाले, "हिची आठवण गेली वाटतं!" आणि हसले. त्यांच्यामागोमाग जो तो हसला. साहेबही हसले, पण त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच साहेबांनी आम्हां दोघांना आत घेतलं. तार अशी तुटली म्हणजे वीज उलटी गेली, एवढं त्यांनाही कळत होतं. "सकाळी केबल कुणी लावल्या?"

हा प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला असेल? फार नाही. एखादा माणूस तोंड उघडेल आणि "मी" म्हणेल इतका. तेवढा वेळ मला मिळाला होता, हे मला नक्की माहीत आहे.

"मी लावल्या साहेब," मामा म्हणाले. "गडबडीत उलट्या झाल्या. माजी चूक."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे. मामांनी जमिनीकडे.

बाहेर आल्यावर मी त्यांना कँटीनच्या मागे गाठलं. "मामा, असं का म्हणालात?"

"मंग काय म्हनू? तुमी लावल्या म्हनू?" त्यांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तुमची सही जाते समद्या मालावर. तुमी हितनं गेलात, तर साहेबांचा भाचा बसेल त्या खुर्चीत. त्यो तर आंधळा सही मारतो. मंग कोनाच्या पोटात काय तुटेल ते तुटेल. टाकीवर काय, दुसरा मानूस मिळतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यो डबा थांबवा आधी. पॅकिंगचा. जावा, जावा."

मी धावत गेले. डबा टेंपोत चढला होता. उतरवून घेतला. सगळा माल मी स्वतःच्या हाताने कापून भंगारात टाकला. कापताना निम्म्याहून जास्त तारा कात्री टेकताच काच फुटावी तशा फुटत होत्या.

मामांना काढलं नाही. साहेब तसे दयाळू माणूस. त्यांच्या दयाळूपणाचा फोटो नोटीसबोर्डावर असे. त्यांनी मामांना फाटकावर बसवलं. टोपी दिली, शिट्टी दिली, एक वही दिली, त्यात येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. कंपनीच्या गाडीतून रोज सकाळी मी त्यांच्यासमोरून आत जायचे. ते उभे राहून सलाम करत. नियमच तसा होता. गाडीतली माणसं आपसात म्हणत, "मामांचा हात बिघडला." कुणी म्हणे डोळे गेले असतील, कुणी म्हणे दुपारी दारू पितात. दारू त्यांनी उभ्या आयुष्यात घेतली नव्हती. मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

तीन महिन्यांनी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं. पूर्ण सांगितलं: केबल मी लावल्या, बुडबुडे मी बघितले नाहीत, सही मी केली.

साहेब कागद वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. मामा अशी चूक करतील?"

"मग त्यांना परत टाकीवर घ्या."

"आणि लोकांना काय सांगू? की प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या बाईंना प्लस-मायनस कळत नाही? आपले ग्राहक ती सही बघून माल घेतात." त्यांनी कागद उलटला. "मामा समजूतदार आहेत. तुम्हीही व्हा."

मी झाले. वर स्वतःची समजूत घातली की आपण सांगून टाकलं आहे, आता पुढचं आपल्या हातात नाही. कुणाला सांगितलं, तर ज्याला आधीच माहीत होतं त्याला. तेवढा शहाणपणा मला पुरला.

पावसाळ्याआधी मामा नोकरी सोडून गेले. त्यांना मी पुढच्या चार वर्षांत दोनदा भेटायला गेले. एकदा आंब्यांच्या दिवसांत, एकदा त्यांना मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा. दुसऱ्या वेळी ते खाटेवर बसून हसत होते: "डाक्टरनं टोपलीच घातली म्याडम. मी इचारलं, तार कोनी पॉलिश केली? त्यो म्हनतो, तुला काय करायचंय." दोन्ही वेळा ओट्यावर शेजारची चार-पाच माणसं होती, त्यातली दोघं आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेली. मामी चहा करत. गप्पा पावसाच्या, भाताच्या. मामा अधूनमधून माझ्याकडे बघून थांबत, जसं कुणी बोलणार असेल तर जागा द्यावी तसं. मला वाटे, त्यांना दम लागतोय.

मामा गेले ते गेल्या वर्षी, श्रावणात. मला चार दिवसांनी कळलं. भिसेगावहून मी रिक्षा करून गेले. पाऊस थांबला होता, अंगणात चिखल. ओट्यावर तीच माणसं बसलेली. मी आत गेले. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मामी, ती चूक मामांची नव्हती. केबल मी लावल्या होत्या."

"म्हाइत हाय," मामी म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलं त्यांनी."

"मला माफ करा."

मामींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "तुमी येनार म्हटलं का ते सकाळधरनं ओट्यावरच्या मान्सांना बोलवून बसवायचे. मी म्हनायची, कशाला गर्दी करताय? ते म्हनायचे, आसू दे, म्याडम बोलल कायतरी. दोनदा बोलावलं बाई त्यांनी. दोनदा तुमी चहा पिऊन गेलात."

त्यांनी दाराकडे हात केला.

"मला नका सांगू," मामी म्हणाल्या. "मला सांगून काय हुनार? त्या भायेर बसलेल्यांना सांगा."

मी उठले. ओट्यापर्यंत दहा पावलं असतील. बाहेर येऊन उभी राहिले आणि सांगितलं. हायड्रोजन वगैरे काही नाही. केबल मी उलट्या लावल्या, मामांनी त्या सुलट केल्या, माल पाठवू नका असं ते दोनदा म्हणाले, मी ऐकलं नाही, आणि नंतर मामांनी माझं नाव सांगितलं नाही. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग आमच्या कारखान्यातला एकजण, पॅकिंगला असायचा तो, चिखलातल्या कोंबडीकडे बघत म्हणाला, "आमी त्यांना दारुडा म्हनायचो." थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे मान वळवली. "मंग बाई, ते जित्ते व्हते तवा का नाय बोललात?"

मी अजून तिथेच उभी होते. ओट्यावरच्यांनी सरकून मला बसायला जागा केली. मी बसले नाही.